उरलेल्या बिलाचं कार्ड

दार्सैत, शुक्रवार, १३ मार्च २०१५

रत्नागिरीहून आबांचा फोन आला, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. सरकारी पेन्शनर म्हणून त्यांच्या दवाखान्याच्या बिलाचा मोठा भाग सरकारी आरोग्य योजनेतून मिळतो. उरलेला खिशातून जायचा, म्हणून ते दहादा विचार करून दवाखान्यात जायचे. मी त्या उरलेल्या भागासाठी आई-आबांची प्रायव्हेट पॉलिसी काढून दिली. आता या महिन्यातली तिसरी तपासणी! डॉक्टरनी म्हणे आधी पॉलिसीचं कार्ड बघितलं, मग कुठे दुखतं ते विचारलं. खरंच गरज आहे, की कार्ड आहे म्हणून? नको म्हणावं, आणि नेमकं काही निघालं तर?

वर आबा सहज बोलून गेले, त्याच योजनेतला निधी संपला म्हणून शेजारच्या पेन्शनर साळवीकाकांना बीपीच्या गोळ्या मिळाल्या नाहीत. काकांकडे असलं कार्ड नाही. एकट्या आबांमुळे थोडाच संपला? पण इथे आखातात, गाला भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मीच चौघांना ही पॉलिसी घ्यायला लावली. चौघांचेही वडील पेन्शनर.

फोन ठेवताना आबा म्हणाले, "सोमवारी तुझ्या आईलाही दाखवून आणतो."

घाबरून विचारलं, "आईला काय झालं?"

"काही नाही रे. कार्ड आहे ना!"