दोन सरकारांच्या वैरात गेलेलं आणि उरलेलं

मी, कवडू आत्माराम ढगे, वय पासष्ट, धंदा शेती, पूर्वी लष्करात मोटार ड्रायव्हर, मुक्काम वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा, या कागदाने जाहीर करतो की माझे डोके ठिकाणावर आहे, नजर थोडी मंद झाली असली तरी कान शाबूत आहेत, आणि मला कोणी दमदाटी केलेली नाही की काही पाजलेले नाही. हिंगणघाटचे वकील वासुदेवराव देशकर मी सांगतो तसे लिहून घेत आहेत. त्यांना मधून मधून वाटते की अमुक गोष्ट मृत्युपत्रात बसत नाही. ती बसवावी असा माझा हुकूम आहे.

मृत्युपत्र आजच का, तर गेल्या आठवड्यात रेडिओवर सांगितले की जिनिव्हा नावाच्या गावी अमेरिका आणि रशिया यांची अणुबॉम्बच्या रॉकेटांबद्दल चाललेली बोलणी मोडली आणि रशियाची माणसे उठून गेली. बोलणे मोडून माणसे उठून गेली की पुढे काय होते, ते मी एकदा पाहिले आहे.

कलम १. वडनेर येथील माझे राहते घर, मागचा गोठा व परसातली विहीर ही माझी सून रुख्मिणी, माझा मयत मुलगा प्रभाकर याची बायको, हिच्या एकटीच्या मालकीची होतील. माझी बायको शकुबाई वारली आहे, त्यामुळे घरात दुसऱ्या कोणाचा हक्क पोचत नाही.

कलम २. वडनेर शिवारातील माझे पाच एकर काळे रान हेही रुख्मिणीचेच. तिने उद्या पाट लावला, नवऱ्याचे नाव बदलले, तरी रान तिच्याकडून जाणार नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण माझा चुलत भाऊ रूपराव ढगे गावात सांगत फिरतो की म्हातारा गेला की बाई जाते आणि रान घरात येते. रान घरातच आहे. बारा वर्षे ते तिनेच वाहिले आहे.

कलम ३. माझी मोटारीची हत्यारे, म्हणजे पाने, दोन जॅक, टायर काढायच्या सळया आणि ग्रीसची पिचकारी, ही सिंदी रेल्वे येथील आनंदाबाई अण्णाजी उमाटे यांच्या मुलाच्या गॅरेजात पोचवावी. याचे कारण वकीलसाहेबांनी विचारले. ते लांब आहे.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी हिंगणघाटच्या बाजारात जपानी कंपनीचे खरेदीदार होते. आमच्या भागातला कापूस मुंबईहून बोटीने जपानला जाई, तिथे त्याचे कापड होई आणि ते कापड इंग्रजांच्या कापडापेक्षा स्वस्तात इथेच विकायला येई. इंग्रजाला ते खपले नाही. त्याने जपानी कापडावर जबर जकात बसवली. जपान्याने उलट आपला कापूस घेणे बंद केले. मी तेव्हा बापाबरोबर कापसाच्या बैलबंडीवर होतो. बाजारात बंड्यांची रांग लागली होती आणि बोली लावायला माणूस नव्हता. बापाने मला विचारले, "आपुन कोनाचं काय केलं बे?" पुढे दोघांत तह झाला आणि खरेदी सुरू झाली, पण दोघांनीही एकमेकांचा गळा कुठे दाबता येतो ते पाहून ठेवले होते.

नंतर मी त्या कंपनीच्या मोरिता नावाच्या साहेबाकडे कामाला लागलो. बुटका, चष्मेवाला, ऊन लागले की कान लाल होणारा. मोटार चालवायला मला त्यानेच शिकवले. गियर चुकला की माझ्या गुडघ्यावर छडी मारी आणि घाम पुसत म्हणे, "कवडू, मिझु!" म्हणजे पाणी आण. एकेचाळीस साली त्याला गाशा गुंडाळावा लागला. जपान चीनमध्ये घुसला होता, आणखी पुढे सरकत होता, म्हणून अमेरिका, इंग्रज आणि डच यांनी मिळून त्याचे तेल तोडले होते. स्टेशनावर मी त्याची पेटी चढवली. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "तेल बंद, तो जहाज खडा. जहाज खडा, तो जापान मरा. मरनेवाला आदमी पहले मारेगा."

मी म्हटले, "साहब, तो चीन छोड दो."

तो हसला नाही. "इतना आदमी मर गया उधर. अब पीछे कौन जाएगा?"

गाडी हलली. काही महिन्यांतच जपान्याने अमेरिकेची जहाजे जाळली. मग सरकारला ड्रायव्हर हवे झाले आणि मी जपान्याने शिकवलेल्या हाताने इंग्रजाची लॉरी धरली.

अण्णाजी उमाटे सिंदीचा. माझ्याच लॉरीवर दुसरा ड्रायव्हर. रात्री झोपेत बैलांना हाका मारायचा. चव्वेचाळीस साली आम्ही मणिपूरच्या घाटरस्त्याने दारूगोळा वाहत होतो. एका सकाळी पुढची लॉरी वळणावर उडाली. तिच्यातला माणूस कमरेपासून वरचा आमच्या बॉनेटवर येऊन पडला. अण्णाजी स्टिअरिंगवर होता, त्याने ब्रेक दाबला, आणि दुसरा गोळा आमच्या उजव्या बाजूला फुटला. दार आत वळले आणि त्याचे पाय त्यात अडकले. मी त्याच्या बगलेत हात घालून ओढले. तो ओरडला, "कवडू, वढू नोको, पाय तुटून राह्यले!" मग टाकी पेटली. मी ओढतच राहिलो. त्याच्या हाताची कातडी माझ्या हातात आली तेव्हा मी मागे पडलो. तो लगेच मेला नाही. त्याने बायकोचे नाव घेतले, मग नुसता आवाज आला, मग आवाजही नाही.

मी उठलो तेव्हा नालीतून एक जपानी शिपाई संगीन लावून माझ्यावर धावला. माझी बंदूक लॉरीत जळत होती. रस्त्यावर इंजिन फिरवायचे लोखंडी हँडल पडले होते, ते मी उचलले. त्याची संगीन माझ्या बरगडीला घासून गेली. मी पहिला घाव खांद्यावर घातला, दुसरा तोंडावर. तो खाली बसला तरी मी मारत राहिलो, कारण अण्णाजीचा वास माझ्या नाकात होता. जबडा सुटला होता, एक डोळा बाहेर आला होता. वय फार तर वीस. दुसऱ्या डोळ्याने तो माझ्याकडे पाहत होता आणि रक्तातून म्हणाला, "मिझु."

इथे वासुदेवरावांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "कवडूजी, हे मृत्युपत्र आहे. कोर्टात वाचले जाईल."

मी म्हटले, "वाचू द्या. तुमच्या कोर्टात याच्यापेक्षा खरी साक्ष आली असन तर दाखवा मले."

माझी पाण्याची बाटली फुटली होती. अण्णाजीची जळत होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला मराठीत सांगितले की पाणी नाही. तो ऐकत होता. नंतर आमची विमाने आली आणि त्यांनी सगळ्या वळणावरच बॉम्ब टाकले. त्या दिवसापासून माझ्या मांडीत लोखंडाचे तुकडे आहेत. जपानी गोळ्याचे की आपल्या बॉम्बचे, ते दिमापूरच्या डॉक्टरलाही सांगता आले नाही. तो म्हणाला, "दोन्हीकडचे लोखंड सारखेच असते." मला जाळल्यावर राखेत ते सापडतील. ते अस्थींसोबत नदीत टाकू नयेत, गुरांच्या पायाला लागतात. खोल खड्डा करून पुरावेत.

लढाई संपल्यावर मी सिंदीला गेलो. आनंदाबाईने मला चहा दिला आणि विचारले, "कोनं मारलं त्यायले?"

"जपान्यानं."

"त्याचं अन् आमचं काय वाकडं होतं?"

मी चहा संपवून निघालो, उत्तर द्यायचे राहिले. आज देतो. काही वाकडे नव्हते, बाई. एकाकडे दुनिया आधीच होती, दुसऱ्याला ती हवी होती. एकाने जकात बसवली, दुसऱ्याने खरेदी तोडली. एक दुसऱ्याच्या मुलखात शिरला, पहिल्याने तेल तोडले. दर वेळी दोघेही म्हणत की आम्ही फक्त उत्तर देतो. मागे फिरायची जागा होती तेव्हा लाज वाटली, आणि लाज सोडावी असे वाटले तेव्हा जागा उरली नव्हती. मग त्यांनी आपापल्या ड्रायव्हरांना बोलावले. हत्यारे त्या घरी जावीत ती यासाठी. अण्णाजी माझ्यापेक्षा चांगला मिस्त्री होता.

कलम ४. चुलत भाऊ रूपराव ढगे, धंदा कापसाची अडत, याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. मी त्याला विसरलो असे कोणी कोर्टात म्हणू नये म्हणून कारण देतो.

एकाहत्तर साली माझा मुलगा प्रभाकर पूर्वेच्या आघाडीवर लष्करी ट्रक चालवत होता. मी त्याला जाऊ नको म्हटले होते. तो म्हणाला, "बाबा, तुमीबी गेलतेच ना." डिसेंबरात रूपरावच्या दुकानी रेडिओभोवती गाव जमले होते. अमेरिकेचा आरमारी ताफा बंगालच्या उपसागराकडे निघाला होता आणि रशियाची जहाजे त्याच्या मागावर होती. दोन मोठे एका पाण्यात आले होते. एका जहाजावरच्या एका पोराचे बोट घसरले असते, तर पुढे काय, ते कोणाच्याच हातात राहिले नसते.

रूपराव मांडी घालून बसला होता. म्हणाला, "येऊ द्या दोघायलेबी. एकदाची मोठी लढाई लागली का कापसाले सोन्याचा भाव येते."

मी म्हटले, "रूपराव, माह्यं पोरगं हाय तिथं."

"तुह्यं एकट्याचंच हाय का?" तो म्हणाला, आणि लोक हसले.

जहाजे परत फिरली. ती लढाई टळली. प्रभाकर मात्र त्याआधीच सुरुंगावर गेला होता. आम्ही रेडिओ ऐकत होतो तेव्हा तो मेलेलाच होता. तार आली त्या दिवशी रुख्मिणी अंगणात पडली आणि तिने कपाळ दगडावर आपटून फोडून घेतले. मी बंडीची उभारी, म्हणजे कडेचा लाकडी खुंट, उपसली आणि दुकानात गेलो. आधी रेडिओ फोडला. मग रूपरावचा डावा हात, जो त्याने तोंडावर धरला होता, तो मोडला. हाड चामडीतून बाहेर आले. तो किंचाळला, "दादा, म्या काय केलं?" चार माणसांनी मला धरले नसते तर मी त्याचे डोके फोडले असते. पोलीस आले. हात वाकडाच सांधला गेला. त्याचे मला दुःख नाही, आणि मरताना होईल असेही वाटत नाही.

पंचाहत्तर साली त्याचे दोन गडी काठ्या घेऊन आमच्या रानात शिरले. रुख्मिणी तण निंदत होती. एकाने तिचे केस धरले. तिने विळ्याने त्याच्या मनगटाची शीर उघडली आणि मग आपल्याच पदराने ती बांधून त्याला धुऱ्यापर्यंत, रानाच्या बांधापर्यंत, पोचवले. त्या संध्याकाळी मी पुन्हा उभारी काढली. रुख्मिणी दारात आडवी आली.

"बाबा, आता तुमी जासान. मंग त्यायचे दहा येतीन. मंग आपुन वीस जमवू. कुठवर?"

मी म्हटले, "त्यायनं सुरू केलं."

"तेबी हेच म्हनत असतीन."

मी उभारी ठेवून दिली. त्यानंतर रूपरावचे कोणी रानात आले नाही. मी एवढी लढाई पाहिली, पण थांबणारे माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. रान तिला देण्याचे कारण हेच आहे, सून म्हणून नव्हे.

कलम ५. माझ्या प्रेतावर कोणी झेंडा टाकू नये, भाषण करू नये. लष्करात मिळालेले माझे पदक घरात ठेवू नये. प्रभाकरचे त्याच्या आईच्या चितेवर तिच्यासोबत जळाले, माझे भंगारात द्यावे.

कलम ६. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे.

वरील मजकूर वकीलसाहेबांनी रुख्मिणीला वाचून दाखवला. ती उंबऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "वकीलसाहेब, ते रॉकेट सुटले तं मंग हे रान कोनाच्या नावावर राहीन?"

वासुदेवराव म्हणाले, "तशी तरतूद कायद्यात नाही, बाई."

म्हणून ती मी करतो.

कलम ७. अमेरिका आणि रशिया यांच्यात महायुद्ध लागून रुख्मिणी व तिचे वारस हयात न राहिल्यास, कलम २ मधील रान त्या वेळी जो कोणी जिवंत असेल त्याने पेरावे. त्याला सातबारा दाखवायची गरज नाही.

ठिकाण: वडनेर. तारीख: २९ नोव्हेंबर १९८३.

सही: कवडू आत्माराम ढगे

आम्हां दोघांसमक्ष कवडूजींनी सही केली.

साक्षीदार १: महादेवराव गोविंदराव तडस, निवृत्त शिक्षक, पिपरी मेघे, वर्धा
साक्षीदार २: ओमप्रकाश राठी, कापड दुकानदार, हिंगणघाट

लिहून घेणार: वासुदेवराव देशकर, वकील