पतात का चावला

१८ मार्च, सोमवार

सकाळीच आर्सेनो वकिलांचा फोन. "मिस ऑडिल, कुत्रा चावल्याचा दावा आलाय, मी मालकिणीच्या बाजूने आहे. कुत्र्याच्या मनातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" दर वेळी हेच म्हणतात, आणि दर वेळी मला बरं वाटतं!

कुत्र्याचं नाव पतात. कॅटाहूला जातीचा. मालकीण क्लोटिल्ड फ्रुझे — विधवा, भातखाचरांच्या पलीकडे एकटी राहते. मार्दी ग्राला, म्हणजे ईस्टरआधीचे उपास लागण्याच्या आदल्या दिवशी, सोंगं घेतलेले घोडेस्वार तिच्याकडे दरवर्षीसारखे कोंबडी मागायला आले. त्यातल्या डेल्विन गिड्रीच्या डाव्या हाताला पतात चावला. डेल्विन फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, वाजवतो. दोन बोटं अजून वळत नाहीत.

त्याला भरपाई हवी, आणि कुत्र्याला मारून टाकायला हवं. आमच्या राज्याच्या कायद्यात मालक जबाबदार — पण त्या माणसाने कुत्र्याला डिवचलं असेल तर नाही. डिवचलं का, हे तज्ज्ञ म्हणून मी कोर्टात सांगायचं.

काम घेतलं.

२० मार्च

कोंडवाड्यात गेले. राखाडी ठिपके, एक डोळा तपकिरी, एक निळा. मी त्याच्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने कोपराला ओलं नाक लागलं.

हा गुन्हेगार!

२२ मार्च, शुक्रवार

क्लोटिल्डच्या घरी. लेंटचे उपास चालू, शुक्रवारी मांस नाही, त्यामुळे कोळंबीचा रस्सा आणि भात. "उपास आहे म्हणून थोडंच वाढते," म्हणाली आणि ताटाचा डोंगर केला.

तिच्या स्वयंपाकघरात जुनं फ्रेंच ऐकायला मिळालं. माझ्या आईचं. शाळेत ते बोललं की कोपऱ्यात गुडघे टेकवून बसवायचे. तरीही त्या शाळेची आठवण आली की मला मेणाने पुसलेल्या लाकडी जिन्याचा वासच येतो, आणि तो गोड वाटतो. तिथल्या नन, मदर फेलिसिते, निसर्गाच्या तासाला वहीच्या पानावर उभी रेघ मारायला लावत. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. "मुली, रेघ ओलांडायची नाही." माझा सगळा धंदा त्या रेघेवर उभा आहे.

क्लोटिल्डला विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

"काय होणार गं! कप्तान पांढरं निशाण घेऊन आला, येऊ का म्हणाला, मी या म्हटलं. मग ही सगळी वानरं रांगत, नाचत अंगणात. मी त्यांना पकडायला कोंबडी उडवली. अर्धे चिखलात पडले. तो गिड्रीचा पोरगा कोंबडी धरून पतातच्या अंगावरच कोसळला म्हण ना."

"पतात बांधलेला होता?"

"ओसरीच्या खांबाला." मग भांडी आवरता आवरता, "त्याला मारतील का गं? हे गेले तेव्हापासून घरात श्वास घेणारं दुसरं कोण आहे मला?"

मी म्हटलं, मारणार नाहीत. असं आधीच म्हणू नये. म्हटलं खरं.

२८ मार्च

कोंडवाड्यात काम करणाऱ्या मुलीला जाळीचा मुखवटा आणि उंच टोकदार टोपी घालायला लावली. रांगायला लावलं, किंचाळायला लावलं. पतातने टोपी हुंगली आणि गोंडा चाटला!

आर्सेनोंचा चेहरा पडला. त्यांना सांगायचं होतं की कुत्रा मुखवट्याला घाबरला.

"मिस ऑडिल, हे कोर्टात सांगायलाच हवं का?"

"विचारलं तर सांगणार."

"आणि मग आपण जिंकायचं कशावर?"

"खऱ्या कारणावर. ते शोधते."

३ एप्रिल

सापडलं.

कुणाच्या तरी फोनवर घेतलेली चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. अकॉर्डियन, लोखंडी तिकोनाची टणटण, आरडाओरडा — इतका गोंगाट की अखेर आवाज बंद करूनच पाहिली. डेल्विन गुडघ्यांवर, हातात फडफडणारी कोंबडी. पतातच्या दिशेने कलंडतो, मध्ये क्षणभर कुणाची तरी टोपी येते. दोरी आखूड, मागे खांब, पळायला जागा नाही. पतात मनगटाजवळ धरतो — एकदाच. लगेच सोडतो. बसतो. ओसरीकडे पाहतो.

रागावलेला कुत्रा पुन्हा चावतो, झटके देतो. हा भ्यालेला कुत्रा. कोंडीत सापडला, एकदाच इशारा दिला आणि मालकिणीकडे पाहून आधार मागितला. त्याचं ते पाहणं! मला भरूनच आलं.

इजा धरण्याने नाही, डेल्विनने हात हिसडल्याने झाली. डॉक्टरांचा अहवालही तेच म्हणतो.

चाळीस वर्षं कुत्रे पाहते आहे. माझी खात्री आहे.

५ एप्रिल

डेल्विनच्या बाजूचा तज्ज्ञ ह्यूस्टनहून आलाय. डॉ. प्रेस्कॉट हेल. काठीला रबरी हात बांधून पतातच्या जेवणात खुपसला म्हणे. पतातने तो हात फाडला. मीही फाडला असता!

९ एप्रिल, मंगळवार

कोर्ट. हेलने पडद्यावर आलेख दाखवले. आर्सेनोंनी फक्त एवढंच विचारलं — "डॉक्टर, त्या रबरी हाताला वास कसला येतो?" हेल म्हणाला, रबराचा. "आणि डेल्विनच्या हाताला?" मागच्या बाकावर खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिल्यावर थांबली.

मग मी. मुखवट्याचं विचारलं, खरं ते सांगितलं. मग चित्रफितीतला एकेक क्षण थांबवून दाखवत गेले. कान कुठे, शेपटी कुठे, वजन कुठल्या पायावर. न्यायाधीशबाई पुढे वाकून पाहत होत्या.

विरुद्ध बाजूचा वकील म्हणाला, "बाई, कुत्र्याने तुम्हाला स्वतः सांगितलं का, की तो भ्यालाय?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही आलेख बघत होतात तेव्हा."

जरा चढेलपणा झाला. पण मजा आली.

१० एप्रिल

जिंकलो! न्यायाधीशबाई तोंडी म्हणाल्या — डिवचल्यामुळे चावा, दावा फेटाळते, कुत्रा घरी न्या. लेखी आदेशावर सोमवारी सही.

क्लोटिल्डने माझे दोन्ही हात धरले आणि नजर खाली वळवली. मला वाटलं, रडू येत असेल.

बाहेरच्या पायऱ्यांवर डेल्विन उभा. हाताला अजून पट्टी. भांडायला आला असेल वाटलं. पण हळूच म्हणाला, "मिस ऑडिल, मी त्याच्यापासून चांगला हातभर लांब होतो. कलंडलो ते तो चावल्यावर. पण तुम्ही असं सांगितलंत, की आता मलाच वाटायला लागलंय, आधी कलंडलो असेन."

मी म्हटलं, घाईच्या क्षणी माणसाला क्रम नीट आठवत नाही. हे खरंच आहे. पुस्तकात आहे.

"आई म्हणते, आता बासरी शिक," तो म्हणाला आणि हसला. "त्यालाही बोटं लागतात हे कोण सांगणार तिला!"

१२ एप्रिल

पतात घरी गेला. क्लोटिल्डने उद्या जेवायला बोलावलंय. गोड पाव करून नेते.

१३ एप्रिल, शनिवार

ओसरीवर बसलो होतो. पतात मोकळा, पायाशी. एक कोंबडी भाजीच्या वाफ्यात शिरली. क्लोटिल्ड बोलता बोलता, न उठता, हळूच म्हणाली, "पोन्य!" — धर. सवयीने.

पतातने कोंबडी पंखाला धरली. एक पीस मोडलं नाही. "लाश!" — सोड. सोडली, बसला आणि ओसरीकडे पाहिलं.

तिच्या हातातला कप तसाच राहिला.

"यांनी शिकवलं होतं," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून — "सगळे हसत होते गं. सोंगं आली की घरच्यांनीही त्यांची थट्टा करायची असते. त्या पोराने कोंबडी धरली, मी म्हटलं, पोन्य. गंमत म्हणून! लगेच लाशही म्हटलं. पतातला काय ठाऊक, सण आहे ते?"

"मला का नाही सांगितलंस?"

"शब्दावर धरतो म्हटलं असतं, तर माणसांवर सोडायचा कुत्रा म्हणून मारलाच असता ना त्याला."

आणि मी चित्रफीत आवाज बंद करून पाहिली होती. पतात मारण्यासारखा कुत्रा नाही, हे मी अजूनही सिद्ध करीन. पण त्याआधी सांगावं लागेल की तो भ्याला नव्हता, आणि डेल्विनने काही केलं नव्हतं.

सोमवारी सही व्हायच्या आत, उद्याच चर्चबाहेर आर्सेनोंना गाठते. क्लोटिल्डला तसं सांगून आले. गोड पावाला तिने हात लावला नाही.