आलिदाच्या ताब्याबाबत

मी, नोएलिया अहानेल, वय सव्वीस, राहणार हार्लो क्रीक, नेब्रास्का, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. मला कोणताही आजार नाही. परंतु दुसऱ्याचे मूल माझ्या ताब्यात आहे, आणि अशा माणसाने गाफील राहू नये.

१. माझी जुनी मोटार चर्चच्या फोन-गटाला द्यावी. कागदपत्रे नसलेल्या कामगारांना धरायला इमिग्रेशनचे पोलीस आल्याची, म्हणजे छाप्याची, खबर आली की कोणाला तरी कोंबडी कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन खातरजमा करावी लागते. ब्रेक जरा उशिरा लागतो, हे घेणाऱ्याला सांगावे.

२. आरामखुर्ची एउसेबियो यांना. मार्चमध्ये फाटकापाशी तीन पांढऱ्या गाड्या पाहून मी चारशे फोनवर इशारा धाडला. त्या शीतगृह दुरुस्त करणाऱ्यांच्या निघाल्या. तोवर लोक सुरे टाकून पळाले होते. एउसेबियो माल चढवायच्या धक्क्यावरून पडले, खुबा मोडला. त्यांची बायको तोमासामावशी भर चर्चमध्ये म्हणाली, "हिला गाडी दिसली की छापा दिसतो. उद्या आइस्क्रीमवाला आला तर गाव रिकामं करेल!" सगळे हसले. मी ते विसरलेली नाही.

३. मला शाळेआधी वडिलांनी घरीच वाचायला शिकवले, कारखान्याच्या रिकाम्या खोक्यांवरच्या अक्षरांवरून. ते पुठ्ठे कापून त्यांनी शिवलेली वही धाकट्या बहिणीला, सोनियाला. "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही," असे ते आजही सांगतात. मार्चनंतर गटाचा नियम मीच तसा केला: फोटो आल्याशिवाय इशारा नाही.

४. १० सप्टेंबरला सकाळी रोसेंदाचा फोन आला. हाडे काढायच्या रांगेत तिची जागा मागच्या दाराला लागून होती.

"नोए, आलेत गं. पुढच्या दाराने."

"फोटो पाठव."

"फोटो? लग्न आहे का इथे?"

"फोटोशिवाय मला काही करता येत नाही."

"बरं बाई, थांब."

मागच्या दाराने ती निसटली असती. ती फोटो काढायला पुढच्या दाराकडे गेली. फोटो आला, इशारा गेला, दुसऱ्या पाळीचे लोक घरीच राहिले. रोसेंदा सापडली. नोव्हेंबरमध्ये तिला ग्वाटेमालाला धाडले. चर्चने माझा सत्कार केला, आणि मी तो होऊ दिला.

जे गावात कोणालाच माहीत नाही ते इथे लिहिते. रोसेंदाच्या फोनआधी चार मिनिटे वडिलांचा फोन आला होता. ते फाटकाशी उभे होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मला खात्री होती. फोटो हवा होता तो पुन्हा माझे हसे होऊ नये म्हणून.

५. रोसेंदाची मुलगी आलिदा, वय नऊ, जन्माने इथली. आपण पकडलो गेलो तर मूल कोणाकडे, याचे कागद मी घरोघर फिरून आयांकडून करून घेत असे. रोसेंदाने माझे नाव घातले. माझ्यानंतर कोण, हे ठरवायचा अधिकारही त्याच कागदात मला दिला आहे. माझ्यानंतर तोमासामावशी. तिच्या हातून चूक झाली तर ती लपवणार नाही, आणि दुसऱ्याचीही लपवू देणार नाही. विचारले तेव्हा म्हणाली, "म्हणजे तू मेलीस तर पोरगी माझ्या गळ्यात, आणि जगलीस तर तू. बरं, लिही."

६. माझ्या मृत्यूनंतर वरची कबुली लिहिलेले एक बंद पाकीट रोसेंदाला द्यावे, असे या कलमात होते. वकीलबाईंनी विचारले, "मेल्यावर का? मग तिने भांडायचं कोणाशी?" ते मी खोडले आणि काल, रविवारी, तिला फोन करून सगळे सांगितले.

ती म्हणाली:

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी धावले." मग म्हणाली, "तो कागद माझ्या सहीचा आहे ना? रद्द करते. वीस तारखेच्या इकडच्या विमानात बसव तिला. आणि नोए, कारण तू सांगू नकोस. ते मी सांगेन."

त्यामुळे कलम ५ वीस डिसेंबरला संपते. तोपर्यंतच्या एकोणीस दिवसांत मला काही झाले, तर ते लागू राहील, आणि आलिदाला विमानतळावर तोमासामावशी नेईल.

(सही) नोएलिया अहानेल

आम्हा दोघांच्या देखत हिने सही केली. त्याआधी सगळी कलमे आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. चौथे दोनदा वाचले.

साक्षीदार:
१. वेंडेल क्रोगर, चर्चचे व्यवस्थापक
२. देल्फिना उस, फोन-गट

हार्लो क्रीक, १ डिसेंबर २०२५