घरगुती वायरिंग, भाग दोन

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा वाचनालय चालवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या चष्म्यातून पाहून लिहीत आहे. माझे नाव इथे मुद्दाम लिहिलेले नाही. ते सहीत आहे. दोनदा लिहून कोणाला गिरवायला कित्ता देण्याची माझी इच्छा नाही. माझी बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, आणि तो देताना डॉक्टर का हसले हे मला अजून कळलेले नाही. मी कोणाच्याही दडपणाखाली नाही. दडपण आणू पाहणारे आहेत, त्यांची दखल पुढे घेतली आहे. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. आणखी एखादे निघाले तर ते बनावट आहे.

या कागदाची पाने शिवलेली आहेत. टाका उसवून पुन्हा घातलेला दिसला तर पान बदलले आहे असे खुशाल समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे खाली वाचनालयाच्या दोन खोल्या, वर एक खोली आणि स्वयंपाकघर, तसेच बँकेतली शिल्लक, हे सर्व माझ्या पश्चात वरच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाईला मिळावे. सगळी गल्ली तिला शिवणवाली म्हणते. शिल्लक किती ते लिहीत नाही, नाहीतर वाचणाऱ्याची नजर तिथेच अडकेल.

तिचे माझ्याशी नाते: (ही जागा तूर्त रिकामी आहे.)

रिकामी का, तेही सांगते. वकीलबाई म्हणाल्या, "नातं लिहावं लागेल. नाहीतर उद्या कोणीही उठून विचारेल, या तुमच्या कोण लागतात?" आजवर प्रत्येक अर्जावर, प्रत्येक शिरगणतीत मी तिच्यापुढे 'भाडेकरू' असे लिहीत आले. एकाच चुलीवर जेवलो, एकमेकींची आजारपणे काढली, आणि कागदावर ती भाडेकरू. तो शब्द आम्हाला सोयीचा होता, कारण भाडेकरूबद्दल कोणी जास्त खोलात जात नाही. पण भाडेकरूला बाहेर काढता येते, हे माझ्या वारसांना चांगले ठाऊक आहे. खरे ते लिहावे तर मी सुटून जाईन आणि तिला या गल्लीत एकटीने त्या शब्दासकट राहावे लागेल. ती स्वतः म्हणते, "भाडेकरूच लिही गं. मेल्यावर तरी नवीन भांडण उकरून काढू नकोस." तिच्या चांगुलपणावर माझा विश्वास आहे, पण तिच्या व्यवहारज्ञानावर काडीचाही नाही.

कलम २. पुढच्या खोलीतली पुस्तके कोणीही न्यावीत. तिथे चोरण्यासारखे काही नाही.

मागच्या खोलीतले कुलूपबंद कपाट ही वेगळी गोष्ट आहे. वारस लोक ते उघडतील तेव्हा त्यांना कुक्कुटपालन, घरगुती वायरिंग, दात आणि त्यांची निगा, आदर्श पत्रलेखन अशी पुस्तके दिसतील आणि ते ती रद्दीत घालतील. म्हणून स्पष्ट करते की ही फक्त वरची कव्हरे आहेत. आत जुन्या काळच्या एका बाईने दुसऱ्या बाईसाठी लिहिलेली गाणी आहेत. पुरुषाच्या वेषात लढाईवर गेलेल्या आणि परत आल्यावरही तो वेष न उतरवलेल्या माणसाचे आत्मचरित्र आहे. एक रहस्यकथा आहे, तिच्यातल्या खुनाचा तपास लागतो, पण दोन मित्र एका घरात का राहतात याचा तपास लेखक शेवटपर्यंत लागू देत नाही. राजाची राणी होते अशी कथा आहे, आणि तीत ती राणी परत राजा व्हायला नकार देते. परग्रहावरची एक कादंबरी आहे. तिथले लोक मूल विचारेल तेव्हाच ते मुलगा आहे की मुलगी ते ठरवतात. अलीकडचे एक चित्रमय पुस्तकही आहे, ते मला विशेष कळले नाही, पण त्याला मागणी फार.

वरची कव्हरे शिवणवालीने अस्तराच्या उरलेल्या कापडात बांधली आणि नावे मी घातली. कपाटाची पद्धत अशी: कोणालाही भाग एक मागता येत नाही. येणारा गल्ल्यापाशी उभा राहून म्हणतो, "कुक्कुटपालन, भाग दोन आहे का?" भाग दोन मुळात नाहीच, त्यामुळे मागणारा आपल्यातला. मग मी त्याचा चेहरा नीट पाहते, संशय फिटला तर कपाट उघडते.

ही पद्धत एकदाच चुकली. मी आजारी होते, गल्ल्यावर शिवणवाली बसली होती, आणि एका खऱ्याखुऱ्या कोंबडीवाल्याने साधेपणाने कुक्कुटपालन मागितले. तिने दिले! तो परत आला तेव्हा मी पोलिसांच्या तयारीने बसले होते. तो म्हणाला, "बाई, कोंबड्यांचं यात अवाक्षर नाही. पण ते दोघं शेवटी भेटतात का? माझं शेवटचं पान अंड्यांनी खराब झालं." त्याला बायको आहे, चार मुले आहेत. तरी तेव्हापासून तो नेमाने येतो. मनुष्य सरळ आहे असे दिसते. मी अजून लक्ष ठेवून आहे.

कलम ३. याच कपाटात एका डॉक्टराचा जाड ग्रंथ आहे. आमच्यासारख्यांना कोणता रोग झालेला असतो ते त्यात सविस्तर दिले आहे. तो जाळायचा मोह कोणालाही होईल, तरी जाळू नये. त्याच्या समासांत वाचकांनी पेन्सिलीने उत्तरे लिहिली आहेत. "डॉक्टरसाहेब, मी ठणठणीत आहे", "तुमचंच तपासून घ्या", अशी निरनिराळ्या अक्षरांत. एक ओळ शिवणवालीची आहे, पण कोणती ते ती कबूल करत नाही.

कलम ४. शेजारचे निवृत्त साहेब. यांनी आमच्या दारात नाक खुपसण्यात निम्मे आयुष्य घालवले. "तुमची भाडेकरू भाडं किती देते हो?" असे ते मला वर्षानुवर्षे विचारत आले. माझ्याकडे नको ती पुस्तके आहेत अशी तक्रार यांनीच केली असावी असा माझा पक्का समज आहे. तपासणीला माणसे आली, त्यांच्याबरोबर हेही आत घुसले, आणि दाढ दुखत होती म्हणून 'दात आणि त्यांची निगा' उचलून घेऊन गेले. ते पुस्तक काही परत आले नाही. आठवडाभराने त्यांची बायको आली, गल्ल्यापाशी बराच वेळ पदराशी चाळा करत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "दातांचा भाग दोन आहे का?" ते पुस्तक मी तिला कायमचे दिले आहे. साहेबांनी त्यावर हक्क सांगू नये.

कलम ५. माझा भाचा, दिवंगत भावाचा एकुलता मुलगा, धंद्याने वायरमन, याला माझ्या मालमत्तेतले काहीही मिळू नये.

कारणे. याचा बाप 'भाडेकरू' हा शब्द तोंड वाकडे करून उच्चारत असे. मुलगा तोंड वाकडे करत नाही, शिवणवालीला मावशी म्हणतो, बोलावले की येतो, पैसे घेत नाही. इतका चांगुलपणा मला पहिल्यापासून खटकत आला आहे. चाळिशी आली तरी लग्न केले नाही. स्थळ काढले की याला कुठेतरी शॉर्टसर्किट आठवते. खर्च नको म्हणून टाळतो, अशा माणसाचा डोळा आत्याच्या घरावर असणारच.

मागच्या खोलीतला दिवा दुरुस्त करायला तो आला, त्यानंतर कपाटातले 'घरगुती वायरिंग' नाहीसे झाले. वायरमनला वायरिंगचे पुस्तक कशाला लागते? मी कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर निळा दोरा ठेवते, कोणी हात लावला तर कळावे म्हणून. गेल्या आठवड्यात पुस्तक गुपचूप जागेवर आले होते आणि दोरा मधल्या पानांत होता. म्हणजे वाचले. म्हणजे पुरावा गोळा केला. उद्या वकिलापुढे ठेवून म्हणेल, "आत्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, ही बघा काय काय वाचायची," आणि शिवणवाली तिच्या मशीनसकट रस्त्यावर येईल. रात्रंदिवस मला दुसरी चिंता नाही.

कलम ६. पुस्तके आवळायचा लाकडी दाब, दाभण, सरसाचे भांडे आणि कात्री ही शिवणवालीची आहेतच. ती मी तिला 'देत' नाही. तिची मोठी कात्री मी कागदासाठी वापरली हा तिचा आरोप मात्र मला मान्य नाही.

साक्षीदार. दोन लागतात. वकीलबाईंनी बजावले आहे की साक्षीदाराला या कागदातून काहीही घेता येत नाही. एक कोंबडीवाला ठरला. दुसरा सापडत नाही. औषधवाला बोलका आहे, डॉक्टर हसतात, साहेबांचा प्रश्नच नाही.

इथवर लिहून झाले होते. पुढचे रविवारी दुपारी लिहीत आहे. खाडाखोड केली तर कोर्टात शंका येते, म्हणून वरचे तसेच ठेवले आहे.

कलम ७. आज भाचा आला. हातात हत्यारांची पेटी नव्हती. गल्ल्यापाशी अनोळखी गिऱ्हाइकासारखा उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, घरगुती वायरिंग, भाग दोन आहे का?"

मी म्हटले, "असं मागायला तुला कोणी शिकवलं?"

"लहानपणी शाळा सुटली की इथंच तर बसायचो. सगळे भाग दोनच का मागतात, हे कोडं मला तेव्हापासून पडलंय."

"भाग एक तूच नेलास."

"नेला. पण पूर्ण नाही झाला. त्यातला मुलगा बापाला स्वतःबद्दल सांगायला खोलीत जातो ना, तिथं थांबलो. पुढं वाचवेना." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "तूच सांग आत्या. बाप काय म्हणतो?"

दोरा त्याच पानावर होता. मी तो पाहिला होता, आणि पान वाचायचे मला सुचले नव्हते.

मी म्हटले, "काही म्हणत नाही. जेवायचं वाढ म्हणतो, आणि दोघं जेवतात."

तो गल्ल्यावर डोके टेकून रडला. मीही रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी डॉक्टरवर संशय घेतला, वकीलबाईंवर घेतला, कोंबडीवाल्यावर घेतला, आणि माझ्याच रक्ताच्या पोराबद्दल हा एक संशय मला कधी शिवला नाही. भाऊ असता तर त्याने जेवायचे वाढ म्हटले असते का, ते मला सांगता येत नाही. शिवणवाली आवाज ऐकून खाली आली, तिने दोघांना पाणी दिले आणि मला म्हणाली, "मला वाटलं, तुला केव्हाच कळलंय."

सबब कलम ५ रद्द करते. भाच्याला खालच्या दोन खोल्या मिळाव्यात असे मी लिहायला घेतले.

कलम ८. त्याने माझा हात धरला. आधीचे सगळे वाचून काढले, स्वतःबद्दलचे वाचून हसला, आणि म्हणाला, "दुसरा साक्षीदार मी होईन."

मी म्हटले, "मग तुला काही मिळणार नाही. बाई स्पष्ट म्हणाल्यात."

"म्हणूनच. वारसच साक्षीदार झाला तर मावशीला कोण हलवणार? आणि ही जागा रिकामी का? भर की."

मी शिवणवालीकडे पाहिले. यात काही डाव आहे का, असा विचार जुन्या सवयीने माझ्या मनात आला, तो इथे प्रामाणिकपणे नोंदवते. ती म्हणाली, "लिही. आता याच्यापासून लपवण्यासारखं राहिलंय काय? आणि साहेबांच्या बायकोला तर मीच सांगेन."

कलम १ मधील रिकामी जागा याद्वारे भरली आहे. नाते: माझी जोडीदार.

कपाटाची किल्ली तिच्यामागे भाच्याकडे राहावी. ही देणगी नव्हे, बिनपगारी काम आहे, वकिलांनी कान टवकारू नयेत. भाग दोन मागेल त्याला पुस्तक द्यावे. चेहरा नीट पाहावा, पण माझ्याइतका वेळ लावू नये.

माझी सही, डाव्या अंगठ्याच्या ठशासह, कारण सही गिरवता येते.

ठिकाण: वाचनालयाची मागची खोली, दार उघडे ठेवून. दिनांक वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच.

साक्षीदार एक: कोंबडीवाला. बाईंनी यावर माझ्यासमोर, शुद्धीत, चिडचिड करत सही केली.

साक्षीदार दोन: सही करणारीचा भाचा. या कागदातून मला काहीही मिळत नाही, हे वाचून आणि समजून.

सह्या झाल्यावरची नोंद: साक्षीदार दोन यास अजून कव्हर न घातलेले एक पुस्तक आजच, मी जिवंत असताना, हातात दिले आहे, त्याचा या मृत्युपत्राशी संबंध नाही. शिवणवालीने अस्तराचे कापड काढून विचारले, "कव्हर कशाचं घालू?" तो म्हणाला, "राहू दे मावशी, आहे तसंच दे." ते काखेत धरून तो पुढच्या दाराने, साहेबांच्या ओट्यावरून गेला.