दोन ओळींच्या मानपानाबाबत

प्रति,
मा. उपनगरप्रमुख,
श्री. कुवाबारा मोरिहिसा यांस,
तोमिगावारा नगर कार्यालय, दुसरा मजला

विषय : 'सकाळची हाक' या प्रणालीच्या यादीतील दोन ओळींच्या क्रमाबाबत.

संदर्भ : १) माझे बदल-विनंतीपत्र, दि. ४ नोव्हेंबर (परत आले).
२) तेच, दि. ११ नोव्हेंबर (परत आले).
३) तेच, दि. २५ नोव्हेंबर (कोणाच्या टेबलावर आहे, ते कोणीच सांगत नाही).

महोदय,

मी, सावामुरा चिझुए, माहिती विभागात वर्षाच्या करारावर प्रोग्रॅम सांभाळण्याचे काम करते. माझा करार आजवर आठ वेळा वाढवण्यात आला आहे. नववी वेळ येणार नाही, याची कल्पना असूनही हा अर्ज सादर करीत आहे.

१. आपल्या नगरात एकट्या राहणाऱ्या १८७ वृद्धांना रोज सकाळी आठ वाजता आपला संगणक फोन करतो. बरे असाल तर एक दाबा, असे सांगतो. ज्यांनी एक दाबला नाही त्यांची नावे कल्याण विभागाच्या पडद्यावर लाल अक्षरांत येतात आणि त्या वस्तीतला स्वयंसेवक जाऊन दार ठोठावतो. प्रणालीचे काम एवढेच आहे.

२. हा प्रोग्रॅम दोन विभागांच्या तयार लायब्रऱ्यांवर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमच्या तुकड्यांवर उभा आहे. फोन लावणारी लायब्ररी कल्याण विभागाची, आणि बर्फाच्या दिवसांत भोंग्यावरून सूचना देणारी आपत्ती विभागाची. दोघींनाही तिसरी एक छोटी लायब्ररी लागते, ती फोनवरचे उत्तर वाचते. कल्याणवालीला तिची चौथी आवृत्ती हवी, आपत्तीवालीला दुसरी. एका प्रोग्रॅममध्ये एकच राहू शकते. प्रोग्रॅम बांधणारे साधन या भांडणात पडत नाही. लायब्रऱ्यांच्या यादीत जिचे नाव वर, तिची आवृत्ती ते उचलते आणि दुसरीला विचारतसुद्धा नाही. चौथ्या आवृत्तीवर दोघींचे भागते. दुसरीवर भागत नाही, कारण फोन कोणी उचललाच नाही तर काय समजायचे, हे तिला कळत नाही. ती सरळ 'ठीक' अशी नोंद करते. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी कल्याण विभागाची ओळ वर ठेवली आणि शेजारी लिहिले, 'हा क्रम बदलू नये.'

३. दि. २० ऑक्टोबर रोजी मी दात काढण्यासाठी रजेवर होते. प्रांताकडून पाहणी येणार म्हणून आमचे नवे सहायक विभागप्रमुख श्री. ताकेगोशी यांनी ती यादी छापून घेतली आणि त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "अहो सावामुरा-सान, विभागांच्या मानाच्या तक्त्यात आपत्ती विभाग तिसरा, कल्याण नववा. तिसऱ्याला नवव्याच्या खाली बसवलंत? आपत्तीच्या ओनिझुका-सानांनी पाहिलं असतं तर माझी काय शोभा झाली असती!" नामफलक, समारंभातल्या खुर्च्या आणि चहाचे पेले आपण ज्या क्रमाने मांडतो, त्याच क्रमाने त्यांनी प्रोग्रॅमची यादी लावली होती. माझी सूचनाही खोडली होती, कारण 'बदलू नये' ही वरिष्ठांशी बोलायची भाषा नव्हे. बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने बांधण्याचे काम, पहिल्याच झटक्यात हिरवे झाले. एकही चूक दाखवली गेली नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांना गोड पाव वाटले. माझ्या टेबलावरही एक ठेवला होता. सुजलेल्या गालाने मी तो पाव खाल्ला आणि यादी उघडून पाहिली नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी कबूल करते.

४. मंगळवार दि. २८ ऑक्टोबर रोजी पहाटे श्रीमती इनागाकी तोमे, वय ८८, स्वयंपाकघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. गुरुवारी दुपारी फिरत्या दुकानाच्या गाडीवाल्याने हाका मारल्या तेव्हा त्या सापडल्या. दोन रात्री त्या थंड लाकडी जमिनीवर होत्या. आपल्या पडद्यावर मंगळवारी 'ठीक', बुधवारी 'ठीक', गुरुवारी 'ठीक'. मी इस्पितळात गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "फोन वाजत होता गं, रोज वाजत होता. मी ओरडून सांगत होते, पडलेय म्हणून. हात पोचेना." त्यावर त्यांना काय उत्तर द्यावे, हे आपणास सुचत असल्यास कळवावे.

५. त्याच संध्याकाळी मी यादी उघडली आणि कारण सापडले. उपाय दोन ओळींची अदलाबदल, एवढाच. बदल-विनंतीपत्रावर दोन्ही विभागांचे शिक्के लागतात. आपत्ती विभागाचे प्रमुख श्री. ओनिझुका म्हणाले, "शिक्का मारला म्हणजे आम्ही खाली बसायला राजी झालो, असं होतं. ते व्हायचं नाही." कल्याण विभागाच्या प्रमुख श्रीमती मिझुहारा म्हणाल्या, "त्यांचा आधी पडू दे, माझा लगेच." श्री. ताकेगोशी म्हणाले, "बिल्ड हिरवं आहे. हिरव्याची दुरुस्ती करायला फॉर्मात रकानाच नाही." मग मी तिसऱ्या लायब्ररीची चौथी आवृत्ती थेट यादीत नोंदवू द्या म्हटले. त्यानेही काम झाले असते. तर ती लायब्ररी कोणत्याच विभागाची नाही, तिला मानाची जागा कोणती, असा प्रश्न निघाला!

दि. ५ डिसेंबरला यावर दोन तास बैठक झाली आणि तोडगा निघाला : विषम महिन्यांत कल्याण विभाग वर, सम महिन्यांत आपत्ती विभाग. सर्वांनी एकमेकांना वाकून धन्यवाद दिले. महोदय, डिसेंबर सम आहे. फेब्रुवारीही सम आहे, आणि आपल्याकडे कंबरभर बर्फ फेब्रुवारीतच असते. म्हाताऱ्या माणसांनी यापुढे विषम महिन्यांतच पडावे, असे पत्रक काढायचे आहे काय? काढायचे असल्यास मसुदा मी करणार नाही.

६. दि. ३१ ऑक्टोबरपासून मी आणि निवृत्त टेलिफोन ऑपरेटर श्रीमती निशिओ फुमि रोज सकाळी १८७ फोन हाताने लावत होतो. एका आजोबांनी तक्रार केली, "मशीन बरं होतं, बाई. ते जेवलात का म्हणून विचारत नव्हतं." दि. १२ डिसेंबर रोजी हे काम कराराबाहेरचे ठरवून बंद करण्यात आले. त्या आदेशाला मात्र एका दिवसात पाच शिक्के मिळाले. दि. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी कार्यालय नववर्षानिमित्त बंद राहील; पडद्यासमोर पाळीवरचा एकच माणूस असेल, आणि जानेवारीची अदलाबदलही कार्यालय उघडल्यावरच होईल. त्या सहा दिवसांत पडद्यावर लाल नाव आले नाही, तर कोणाच्याही दारात कोणी जाणार नाही.

७. सबब, काल दि. १८ रोजी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी मी कोणाचीही परवानगी न घेता त्या दोन ओळींची अदलाबदल केली. चार सेकंद लागले.

आज सकाळी आठ वाजता पडद्यावर तीन नावे लाल आली. एक आजी मुलीकडे गेल्या होत्या. एक आजोबा बर्फ उपसत होते, त्यांनी स्वयंसेवकालाच फावडे दिले. तिसरे श्री. कामेदा गोइचि, वय ९१, वरची वस्ती. काल रात्रीपासून ते न्हाणीतल्या रिकाम्या टबात बसून होते, उठता येत नव्हते. अंग गार पडले होते. जिवंत आहेत. दुपारपर्यंत राहिले नसते, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

साडेनऊ वाजता श्री. ताकेगोशी यांनी मला तोंडी सांगितले, "विनापरवाना बदल आहे, आजच्या आज पहिल्यासारखं करा."

८. तोंडी आदेशावर बदल करता येत नाही, हे मला सात आठवडे शिकवण्यात आले आहे. मी ते शिकले आहे. म्हणून ओळी पूर्ववत करण्याचा आदेश मीच टाइप करून सोबत जोडला आहे. मजकूर असा : 'ज्यांनी फोन उचलला नाही ते ठीक आहेत, असे समजण्यात यावे.' त्या दोन ओळी पूर्ववत करण्याचा अर्थ एवढाच होतो, म्हणून वेगळे शब्द वापरले नाहीत. खाली आपले पूर्ण नाव, शिक्का, तारीख आणि वेळ यांसाठी जागा सोडली आहे. कृपया त्यावर शिक्का मारून पाठवावे. मिळताच चार सेकंदांत अंमल करीन.

अजून तरी आपली नम्र,

सावामुरा चिझुए
(सही व शिक्का)
माहिती विभाग, तळमजला
दि. १९ डिसेंबर, रेइवा ७ (सन २०२५)

सोबत : १) दि. २८ ते ३० ऑक्टोबरच्या 'ठीक' नोंदी.
२) आजच्या लाल नोंदी.
३) वरील आदेश, आपल्या शिक्क्यासाठी, दोन प्रती. एक प्रत श्री. कामेदा यांना द्यावयाची आहे.