साहेबाला लागलेला पाय

कर्जत,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार.

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू या जगातही नाहीस. म्हणजे हे पत्र दोन्ही बाजूंनी वेडेपणाचंच झालं! तरी लिहितो आहे, कारण येत्या रविवारी मला एक भाषण करायचं आहे आणि त्याचा कागद तीन दिवस कोराच पडला आहे.

आमचा फोरमनसाहेब विलायतेला परत चालला. कायमचा. इंजिनांच्या शेडमध्ये अठरा वर्षं काढली त्यानं. रविवारी मैदानावर निरोपाचा सामना आहे, एका बाजूला साहेब लोक आणि दुसऱ्या बाजूला आम्ही कारकून मंडळी. सामना आटोपल्यावर आमच्या वतीनं कुणीतरी इंग्रजीत चार शब्द बोलायचे आहेत. कुणीतरी म्हणजे कोण? तूच ना भिसेगावभर सांगत फिरायचास, "आमचा धाकला सायबावानी इंग्रजी बोलतो"! आता मला भोगायला लावून स्वतः मोकळा झालास.

परवा साहेबानं मला बोलावून बसायला खुर्ची दिली. खुर्ची, दादा! म्हणाला, "माझ्याविषयी चांगलं बोल. या देशात मला माणसं चांगली भेटली. अठरा वर्षांत एकाच नेटिव्हानं माझ्यावर हात टाकला. तो उघड्या पायांचा गोलंदाज. आठवतो तुला?"

"आठवतो, साहेब," मी म्हटलं. एवढंच म्हटलं आणि उठून आलो. मला हेडक्लार्क करण्याची शिफारस त्याच्या टेबलावर सहीवाचून पडली होती, तिच्याकडे मात्र जाता जाता दोनदा पाहिलं.

दादा, तू आणि हात टाकणार? घरात विंचू निघाला तर चिमट्यानं धरून बांधापलीकडे सोडून येणारा तू! वहिनी कपाळाला हात लावायची.

तुला त्या मैदानावर नेलं मीच. भाताच्या शेतात गोफणीनं पाखरं उडवणारा तुझा हात मी लहानपणापासून पाहत होतो. आमच्या कारकुनांत गोलंदाजीच्या नावानं शंख होता. एकाचा चेंडू तर पलीकडे पोचेपर्यंत चिलीम ओढून व्हावी. म्हणून सामन्याला तुला उभं केलं. धोतर खोचलेलं, डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. साहेब लोक हसले. मग तीन चेंडूंत दोन दांड्या उडाल्या आणि हसणं थांबलं.

हाच फोरमनसाहेब तेव्हा तुझ्याजवळ आला होता. कोपर वाकवायचा नाही, असं त्यानं स्वतः हात धरून तुला शिकवलं. ते मी विसरलेलो नाही. तूही विसरला नव्हतास.

तुला सगळ्यात नवल वाटलं ते टाळ्यांचं. आपल्या गड्याला कुणी झोडपलं तरी साहेब टाळ्या वाजवतात! घरी येताना तू मला विचारलंस, "मार खाल्ला तरी खुशी कसली रं यांना?" मी सांगितलं, समोरचा चांगला खेळला तर त्याला शाबासकी द्यायची, हीच या खेळाची रीत. तुला ती इतकी आवडली की पुढल्या सामन्यात तू चेंडू टाकायचा सोडून टाळ्याच वाजवत बसलास. साहेबानं चौकार मारला, टाळ्या. साहेब चुकला, तरी टाळ्या! मी लाजेनं अर्धा झालो होतो.

आणि तो झेल? पंचानं साहेबाला बाद दिलं आणि तू हात वर करून ओरडलास, "नाय नाय, भुईला टेकला व्हता!" आमचे कारकून तुला खाऊ की गिळू करत होते. फोरमनसाहेबानं मात्र टोपी काढली. त्या दिवशी मला वाटलं, की तुम्हा दोघांना एकमेकांचं सगळं कळतं, भाषेची गरजच नाही. किती चुकलो!

त्यानंतरच्या हिवाळ्यातला तो सामना. साहेब धाव घेताना घसरून तुझ्या वाटेत आडवा पडला. तू चेंडू अडवायला धावत येत होतास, थांबता आलं नाही, आणि तुझा पाय त्याच्या डोक्याला लागला. पाय, तोही डोक्याला! तुझा चेहरा मला आजही दिसतो. आपण काय करतो? पाय लागला की वाकतो, त्या माणसाला हात लावतो आणि तो हात आपल्या डोळ्यांना लावतो. पोर असो की म्हातारा, पाय लागला की हात लावायचाच. तू तेच केलंस.

साहेबाला काय दिसलं असेल? आधी लाथ बसली आणि मग मानेशी काळा हात आला. तो ताडकन उठला. "तुझे काळे पंजे माझ्या अंगावरून काढ, जनावरा!" असं ओरडला. त्यापुढचा शब्द मी या कागदावर लिहिणार नाही. तुला इंग्रजी कुठलं कळायला? तुला वाटलं, माझा नमस्कार पोचला नाही म्हणून साहेब चिडला आहे. म्हणून तू परत वाकलास! तो ढकलतो आहे आणि तू हात लावायला धडपडतो आहेस. शेवटी त्यानं बॅटनं तुझं मुंडासं उडवलं.

मी दहा पावलांवर उभा होतो. दोन्हीकडचं कळणारा त्या मैदानात मी एकटाच होतो. एक वाक्य पुरलं असतं. "साहेब, तो माफी मागतो आहे." एवढं इंग्रजी तर मला शाळेच्या पहिल्या वर्षी येत होतं!

साहेबानं गर्रकन वळून विचारलं, "हा कुणाचा माणूस?" तुला कुणी आणलं हे साहेबाला ठाऊक नव्हतं, पण कारकुनांना होतं; सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मी मान हलवून म्हटलं, "गावातला कुणीतरी आहे, साहेब. मी ओळखत नाही."

हे वाक्य आधी दोनदा खोडलं. पण लिहिलं.

संध्याकाळी तू विचारलंस, "सायब का रं येवडा कावला?" मी म्हटलं, तू चेंडू फार जोरात टाकतोस म्हणून. आता मैदानावर येऊ नकोस. तू मान डोलावलीस. मग म्हणालास, "लागलं नाय ना त्याला?"

महिनाभरानं तू नव्या भाताच्या पोह्यांची पुरचुंडी घेऊन आलास. "सायबाला दे. म्हनावं, चूक झाली." मी ती साहेबाला दिली नाही, दादा. स्टेशनातल्या तारबाबूनं आणि मी ती दूधगुळाबरोबर खाऊन टाकली. तू विचारलंस, आवडले का? मी म्हटलं, फार आवडले. मग काय, तू दर वर्षी आणायला लागलास! पाच वर्षं मी ते पोहे खाल्ले. चांगले असायचे रे. म्हणूनच जास्त लाज वाटते.

गेल्या साली भादव्यात तीन दिवसांच्या तापानं तू गेलास आणि मला वाटलं, ही गोष्ट तुझ्याबरोबर संपली. पण काल वहिनी दारात उभी. हातात पुरचुंडी. "मागल्या साली राहून गेलं, भावजी. सायबाचं पोहं. त्यांचा नेम व्हता."

मग मात्र मला राहवलं नाही. ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. मुंडासं, पोहे, मी काय म्हटलं ते. वाटलं, ही आता पुरचुंडी माझ्या तोंडावर मारेल.

ती म्हणाली, "त्यांना ठावं व्हतं."

"काय?"

"तुमी मान हालवली, ती बगितली व्हती त्यांनी. घरी येऊन मना म्हनाले, धाकल्यानं वळख दिली नाय. असूं दे. त्याला तितंच बसायचा हाय रोज." मग पुरचुंडी माझ्या हातात देत म्हणाली, "आनि म्हनाले, काळ्या कोटात लय ब्येस दिसत व्हता."

दादा! सगळं माहीत असून पाच वर्षं तू माझ्याच हाती पोहे देत राहिलास? एकदा तरी कान धरायचा होतास माझा. चार लोकांत दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास. तुझा हा चांगुलपणा मला फार महाग पडला, सांगून ठेवतो. वहिनी गेल्यावर मी ओट्यावरच बसून रडलो. बायको बाहेर आली, बघून परत आत गेली.

आता काय बोलायचं ते ठरलं आहे. साहेबाच्या कामाची तारीफ करीन, तीही खोटी नसेल. कोपर सरळ ठेवायला शिकवलं, तेही सांगेन. पाय लागला की आपण काय करतो आणि का करतो, ते नीट समजावीन. आणि त्यानं तुला जनावर म्हटलं होतं, तेही सगळ्यांसमोर, त्याच्याच भाषेत सांगेन. त्याला राग येईल किंवा तो टोपी काढील. शिफारशीवर सही होईल किंवा ती फाडली जाईल. काल रात्रीपर्यंत मला त्याची भीती वाटत होती. आजही थोडी वाटते, खोटं कशाला सांगू? पण तो बोटीत बसून जाताना तुझी आठवण हात टाकणारा माणूस म्हणून घेऊन गेला, तर मला पुढं कुठल्याच खुर्चीवर बसवणार नाही.

बाकीचा कागद अजून कोरा आहे. पहिलं वाक्य तेवढं लिहून झालं. तुझ्यासाठी मराठीत देतो:

"साहेब, तो उघड्या पायांचा गोलंदाज माझा सख्खा थोरला भाऊ होता."

रविवारी हे वाक्य मी मोठ्यानं म्हणेन. वचन देतो, दादा.

तुझा सख्खा भाऊ,
धाकला