ओर्नीलचं नाक

लिएज, ४ मार्च १९९६

ती. फेलिसीमावशीस,

शि. सा. न., आणि उशिराबद्दल कान धरते.

दलदलीच्या राणीच्या, आपल्या ओर्नीलच्या, चित्रकथेचा सहावा अल्बम छापून आला. पण तिचं नाक आता तुझं राहिलं नाही. संपादक लांबेरने मला न विचारता प्रत्येक चौकटीत ते सरळ करून घेतलं, हनुवटीखालची घडीही पुसली. म्हणाला, पोरांनी राक्षसांना घाबरावं, नायिकेला नाही. तुला ठाऊक आहे, मी चेहऱ्याला रेघ काढत नाही. ब्रशने सावली भरते, कोरा उरेल तो उजेड. त्यांनी नाक बदललं, सावली मात्र वाकड्या नाकाचीच राहिली आहे.

शनिवारी नामूरच्या पुस्तकमेळ्यात वाचकांना सह्या द्यायच्या आहेत. तिथे मी तोंड उघडलं, तर सातवा अल्बम दुसऱ्या चित्रकाराकडे जाईल. आधी इतरांच्या पानांत रंग भरले, मग बारा वर्षं हिला वाढवलं. माझा राग चित्रासाठी आहे की नुसता अहंकार, हे ठरवता येत नाही. तू सांग.

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त लागेल.

तुझी ओदिल

रोशफोर, ६ मार्च

चि. ओदिल हीस,

अ. उ. आ. गुडघे बरे, कोंबड्या त्याहून बऱ्या.

आधी वाटलं, सुटले एकदाची. लहानपणी गाईने लाथ मारून माझं नाक वाकडं केलं आणि तू ते साऱ्या देशाला दाखवलंस. मग दुकानात जाऊन अल्बम पाहिला. बाई गोड आहे गं, पण दलदल सोड, ही माझ्या अंगणातल्या चिखलातसुद्धा उतरायची नाही. दुकानदार म्हणे, आता जास्त खपेल. मी म्हटलं, "इतकी वर्षं हेच नाक घेऊन तुझ्याकडे येते, कुणी गिऱ्हाईक पळालं का रे?"

अहंकार असला तर असू दे. नाक माझं, हात तुझा. लांबेरचं त्यात काय? सही मागणाऱ्याला तुम्ही पुस्तकाच्या कोऱ्या पानावर चित्र काढून देता ना? ते पुसायला कोण येतो बघू. मी येतेय, तुझ्यासमोर बसायला. पाठ असलेली खुर्ची ठेव.

माया नेहमीची. राग आटू देऊ नकोस.

फेलिसीमावशी

लिएज, ११ मार्च

ती. मावशीस,

शि. सा. न. शनिवारी तू दुपारच्या गाडीने गेलीस, म्हणून पुढचं कळवते.

तुझी खुर्ची रिकामी झाली तरी रांग हटली नाही. प्रत्येक पुस्तकात मी खरी ओर्नील काढत राहिले. सकाळी सही घेऊन गेलेलेही मित्रांना घेऊन परत आले. एका मुलीने माझ्या चित्राचं पान आधी उघडलं, मग छापलेलं, आणि विचारलं की आतली ही बाई कोण. मी म्हटलं, मलाही माहीत नाही.

तेवढ्यात लांबेर आला. ब्रश खाली ठेवा, म्हणाला. मागून कुणीतरी त्याला रांगेत उभं राहायला सांगितलं. मी ब्रश ठेवला नाही. पुढचं पुस्तक ओढून घेतलं. आज त्याचं पत्र आलं. सातवा अल्बम गेला, ओर्नील या नावासकट. वाईट वाटतं. पण पुन्हा तसंच करीन.

नवं पुस्तक काढायला घेतलं आहे. प्रकाशक अजून नाही. यातली राणी आधी गाई राखते, आणि पहिल्याच चौकटीत गाय लाथ मारते. तेव्हा लवकर येऊन बस. या वेळी उजेड डावीकडून हवा आहे.

लोभ घेऊनच ये.

ओदिल